चर्चचं नूतनीकरण आणि फादरांची वस्त्रं: साधेपणाच्या नावाखाली काय चाललंय?

कमान

२०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसचं नोत्र-दाम कथेड्रल पुन्हा उघडलं, तो सोहळा इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. छप्पर, शिखर, घासून उजळलेला दगड, सगळ्याचं तोंडभर कौतुक झालं. वाद पेटला तो गियोम बार्दे यांच्या ब्राँझच्या वेदीवरून आणि त्याहून जास्त धर्मगुरूंच्या अंगावरच्या कपड्यांवरून. ज्याँ-शार्ल द कास्तेलबाजाक या फॅशन डिझायनरने ते आखले होते: पांढऱ्यावर लाल, निळे, पिवळे, हिरवे तुकडे आणि सोनेरी क्रूस. निम्म्या लोकांना वाटलं, वा, काय ताजं आहे. उरलेल्यांना ते लहान मुलांच्या खेळण्यासारखं वाटलं.

मला तो प्रयोग आवडला नाही, पण तो निदान प्रयोग होता. माझी तक्रार वेगळीच आहे. गेल्या साठेक वर्षांत कॅथलिक चर्चच्या नूतनीकरणाचा एक साचा बनून गेलाय. भिंतीला टेकलेली कोरीव वेदी काढायची, पुढे एक ठोकळा आणून ठेवायचा. प्रसाद घेताना लोक जिथे गुडघे टेकायचे तो कठडा काढायचा. टॅबरनॅकल (पवित्र प्रसाद ठेवतात ती पेटी) कोपऱ्यात. भिंती सायीच्या रंगाच्या, जमिनीवर गालिचा. आणि वस्त्रं म्हणजे पॉलिस्टर, त्यावर इस्त्रीने डकवलेली गव्हाची ओंबी आणि द्राक्षांचा घोस. कुणी विचारलं की उत्तर तयार: 'दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५ मधली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) सांगितलंय.'

परिषदेने काय सांगितलं ते काढून वाचा. उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. कलम १२३ म्हणतं की ख्रिस्तसभेने कुठलीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. कलम १२४ म्हणतं की नुसत्या भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष द्या, आणि हे वस्त्रांनाही लागू आहे. म्हणजे भपका नको हे खरं, पण त्याच वाक्यात सौंदर्य मागितलंय. नूतनीकरण समित्यांनी अर्धं वाक्य पाळलं आणि अर्धं सोडून दिलं.

तुमचं मत काय?

नुसताच_वाचतो

विषय रोचक, पण मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्राथमिक शंका. फादर मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी जो मोठा झगा घालतात त्याला काय म्हणतात? आणि रंग कोण ठरवतं?

कमान

@नुसताच_वाचतो, आत पांढरा पायघोळ असतो तो आल्ब. गळ्यातून खाली सोडलेला लांब पट्टा म्हणजे स्टोल. सगळ्यात वरून घालतात ते चॅझ्युबल. रोमन काळातल्या प्रवासी झग्यापासून, पेनुलापासून, ते आलं. रंग उपासनावर्षाप्रमाणे: नाताळ आणि पुनरुत्थानकाळात पांढरा, पेन्टेकॉस्ट आणि रक्तसाक्षींच्या दिवशी लाल, आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, एरवी हिरवा. मृतांसाठी काळा आजही चालतो, दिसतो मात्र क्वचित. गुलाबी वर्षातून फक्त दोन रविवारी. १२०० च्या सुमारास तिसऱ्या इनोसंट पोपनी रोममधली रंगांची रीत लिहून ठेवली, १५७० च्या मिस्साग्रंथाने ती पक्की केली.

गाभारा

धागा काढल्याबद्दल आभार. मी थोडं तिखट लिहिणार आहे.

नूतनीकरण हा शब्द फार सभ्य झाला. अनेक ठिकाणी झाली ती मोडतोड. आणि हे माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाचं रडगाणं नाही, रोमनेच ते कागदावर कबूल केलंय. ११ एप्रिल १९७१ ला धर्मगुरूंसाठीच्या रोममधल्या खात्याने जगभरच्या बिशपांच्या परिषदांना एक परिपत्रक पाठवलं. आशय असा की उपासनासुधारणेचं निमित्त करून अनेकांनी पवित्र वास्तूंत नको ते बदल केले आणि अमोल कलाकृती विद्रूप झाल्या किंवा गेल्या. परिषद संपून सहा वर्षं झाली नव्हती तोवर!

त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, बारावे पायस पोप बजावून गेले होते की वेदीला पुन्हा आदिकाळच्या मेजाचं रूप द्यावं आणि काळी वस्त्रं बाद करावीत असा हट्ट हे भरकटणं आहे.

गुडघे टेकायचा कठडा काढा असा आदेश व्हॅटिकनच्या कुठल्याही दस्तऐवजात नाही. टॅबरनॅकल कोपऱ्यात ढकला असंही नाही. ते वेदीच्या परिसरात ठेवा किंवा वेगळ्या प्रार्थनालयात, पण ठळक आणि सन्मानाच्या जागी, असं लिहिलंय. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कथेड्रलचं उदाहरण घ्या. २००१ मध्ये आर्चबिशप वीकलंड यांनी नूतनीकरण काढलं, रोममधून हरकतीचं पत्र आलं, तरी काम रेटून नेलं. जुन्या वेदीवरचं छत्र गेलं, वेदी लोकांच्या मध्ये आली आणि तिच्यावर शिल्पकार पोमोदोरोंचा काटेरी मुकुट टांगला गेला.

खडूस_म्हातारा

काटेरी मुकुट डोक्यावर टांगता ठेवून मिस्सा म्हणायची म्हणजे प्रवचन आपोआप आटोपशीर होत असेल. फायदे बघा की.

विटाकाम

मी वास्तुरचनेतला आहे. गाभारा यांच्या भावना समजतात, पण इतिहास १९६५ ला सुरू होत नाही.

चर्चची मोडतोड हा कॅथलिक लोकांचा जुनाच उद्योग आहे. मध्ययुगीन चर्चमध्ये धर्मगुरूंची जागा आणि लोकांची जागा यांच्यामध्ये भलीमोठी भिंत असायची. सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेनंतर त्या पटापट पडल्या. फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नोव्हेला आणि सांता क्रोचे या दोन्ही ठिकाणच्या भिंती १५६० च्या दशकात काढल्या, आणि कामावर कोण होतं? खुद्द चित्रकार-वास्तुकार वसारी. सेंट पीटर्सचं जुनं बासिलिका तर कॉन्स्टंटाईनच्या काळातलं. दुसऱ्या जुलियस पोपनी १५०६ मध्ये नव्याची पायाभरणी केली, आणि वास्तुकार ब्रामांतेने जुनं असं पाडलं की लोक त्याला 'रुइनांते', म्हणजे विध्वंसक, म्हणू लागले. आज आपण जुनं वैभव म्हणून ज्या बरोक वेद्यांसाठी हळहळतो, त्यांतल्या कित्येक त्यांच्याहून जुन्या वेद्या काढून बसवलेल्या आहेत.

दुसरं म्हणजे मोकळी पांढरी भिंत ही परिषदेची देणगी नव्हे. जर्मनीत आखेनला रुडॉल्फ श्वार्त्स यांचं कॉर्पुस क्रिस्ती चर्च आहे, १९३० सालचं. आत शिरलं की उंच पांढरा खोका. वेदीमागची भिंत कोरी, तिच्यावर चित्र नाही, पुतळा नाही. काळ्या दगडाची वेदी पायऱ्यांवर उंच, आणि उजेड बाजूच्या खिडक्यांतून वरून खाली येतो. रोमानो ग्वार्दिनींसारख्या धर्मपंडिताने त्या भिंतीची बाजू घेतली. त्यांच्या मते ती रिकामी नाही, ती नि:शब्द आहे. आणि ही इमारत परिषदेच्या तीस वर्षं आधीची.

फरक कुठे पडतो ते सांगतो. श्वार्त्सने कोरी भिंत आधी ठरवली आणि तिच्यासाठी उंची, प्रमाण, उजेड, सगळं रचलं. साच्यातल्या नूतनीकरणात उलटं होतं. गॉथिक किंवा बरोक इमारत तिच्या शेवटच्या भिंतीकडे डोळा नेण्यासाठीच बांधलेली असते: खांबांची ओळ, कमानींची लय, सगळं तिकडे चाललेलं. तुम्ही तिथलं कोरीव काम काढता आणि डोळा तिथे जाऊन आपटतो. तिथे उरतात ते पुट्टी भरलेले खाचे आणि एक खुर्ची. ही सादगी नाही, अर्धवट राहिलेलं काम आहे.

आणि गालिचा! यावर मी वेगळा धागा काढू शकतो. मोठ्या दगडी कथेड्रलमध्ये आवाज पाच-सहा सेकंद रेंगाळतो. ग्रेगोरियन गायन त्याच रेंगाळण्यावर जगतं. बोललेल्या शब्दाला मात्र ते मारक, शब्दावर शब्द चढतो. लोकभाषेतली मिस्सा आली (सहाव्या पॉल पोपनी ७ मार्च १९६५ ला रोममधल्या एका धर्मग्रामात (स्थानिक चर्चमध्ये) इटालियनमध्ये केली) तेव्हा शब्द कळणं महत्त्वाचं झालं. अडचण खरी होती, पण तिच्यावर गालिचा हा सगळ्यात वाईट उपाय. तो फक्त वरच्या पट्टीचे ध्वनी शोषतो, खालच्या पट्टीची घुमी तशीच राहते. मग आवाज स्पष्ट होत नाही, नुसता मेलेला होतो. लोक गाणं सोडतात, कारण प्रत्येकाला आपला एकट्याचाच आवाज ऐकू येतो. मग आणखी स्पीकर आणतात.

मिणमिणती

विटाकाम, प्रतिसाद जबरदस्त. गालिच्यावरचा धागा काढाच.

गाभारा

@विटाकाम, वसारीने भिंती पाडल्या त्या वेदी लोकांना दिसावी म्हणून, आणि जागी नवं उभं केलं. तुम्ही ज्याला जुना उद्योग म्हणता त्यात पाडणाऱ्यांना बांधताही येत होतं. १९७० च्या समित्यांनी पाडलं आणि कॅटलॉगमधून मागवलं.

विटाकाम

हे मान्यच आहे, माझाही मुद्दा त्याच गावाला जातो. फक्त 'आधुनिक' या शब्दावर खापर फोडू नका. फ्रान्समध्ये प्लातो दासीचं चर्च १९५० मध्ये पवित्र केलं. फादर कुतुरिए या डॉमिनिकन संन्याशाने तिथे लेजे, रुओ, शागाल, मातीस, ब्राक या सगळ्या नामवंत चित्रकारांना कामाला लावलं. कोण श्रद्धाळू, कोण नास्तिक, कोण ज्यू, हे पाहिलं नाही. शिल्पकार जेर्मेन रिशिए यांचा क्रूस लोकांना इतका खुपला की १९५१ मध्ये बिशपांनी तो हलवला, पुढे बऱ्याच वर्षांनी परत आला. क्रूसावरचा ख्रिस्त झाडाच्या वाळक्या फांदीसारखा, चेहराच नाही. पण तो ज्या आजारी माणसांसाठी होता (आजूबाजूला क्षयाची सॅनिटोरियमं होती) त्यांना तो आपलासा वाटायचा असं सांगतात. अशा कामावर भांडायला मजा येते. सायीच्या रंगाच्या भिंतीवर काय भांडणार?

सुईदोरा

वाचत होते, आता राहवत नाही. मी उपासनेची वस्त्रं शिवते. कमान यांनी पॉलिस्टरवर तोंडसुख घेतलंय, त्यात तथ्य आहे, पण कापडाचं नाव घेऊन प्रश्न सुटत नाही. आधी कट बघा.

मूळ चॅझ्युबल घंटेच्या आकाराचं, चहूबाजूंनी सारखं. मायन्झचे आर्चबिशप विलिगिस (मृत्यू १०११) यांच्या नावाचं अजून जपून ठेवलंय. पिवळसर रेशीम, नक्षी विणीतच, वर भरतकामाचा डोंगर नाही. हात वर केले की सगळं कापड दंडावर गोळा होतं आणि त्याच्या चुण्या कोपरापासून गुडघ्यापर्यंत धनुष्यासारख्या पडतात. ती चुणी हाच त्या वस्त्राचा दागिना. पुढे कापड जड झालं, जरतारी ब्रोकेड, मखमल, त्यावर भरगच्च भरतकाम. इतकं जड कापड दंडावर गोळा होईना, मग बाजूने कापत गेले. कापता कापता अठराव्या शतकापर्यंत पाठीमागे एक ताठ पाटी आणि पुढे व्हायोलिनच्या आकाराचा तुकडा उरला. ज्याला सगळे 'पारंपरिक' म्हणतात ते रोमन चॅझ्युबल हेच. गंमत म्हणजे ट्रेंटनंतरचे कडक शिस्तीचे संत चार्ल्स बोरोमेओ चॅझ्युबल ऐसपैसच असावं असं लिहून गेले. जुन्या मिस्सेत प्रसाद उंचावताना सेवक फादरांच्या चॅझ्युबलचं टोक मागून उचलून धरतो, ती रीत घंटेच्या आकाराच्या काळातली आहे. हातांवर ओझं येऊ नये म्हणून. पाटीसारख्या चॅझ्युबलला उचलण्यासारखं काही नसतं, तरी उचलतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे वास्तुकार प्यूजिन वगैरे गॉथिकवेड्या मंडळींनी रुंद आकार परत आणायला घेतला, तर रोमने १८६३ मध्ये नापसंती कळवली आणि १९२५ मध्ये पुन्हा. १९५७ मध्ये निर्णय बिशपांवर सोपवला. म्हणजे जे रुंद चॅझ्युबल आज 'व्हॅटिकन २ चं' म्हणून हिणवलं जातं, ते परिषदेच्या आधीच परतलं होतं.

आता चिकटवलेल्या ओंबीबद्दल. मिस्साग्रंथाच्या नियमांत (कलम ३४४) साफ लिहिलंय: वस्त्राचं सौंदर्य भरमसाट सजावटीतून नव्हे, कापडातून आणि घडणीतून यावं. बाजारू चॅझ्युबल नेमकं याच्या उलट असतं. कापड हलकं, अस्तर नाही, कट चौकोनी, आणि हे सगळं झाकायला पुढे भलंमोठं चिन्ह. ते चिन्ह छातीवर ताठ बसतं, कारण मागे डिंकाचा कागद असतो. त्यामुळे चुणी पडायला जागाच राहत नाही. फादर हात पसरतात तेव्हा द्राक्षांचा घोस मध्ये घडी पडून दुमडतो. मागून तर विचारूच नका.

खडूस_म्हातारा

'मागून विचारूच नका'. आणि १९६५ पासून आम्हाला मागची बाजू दिसायचीच बंद झाली. म्हणून शिंप्यांचं फावलं.

सुईदोरा

@खडूस_म्हातारा, हसू नका, तुम्ही बरोबर बोललात! जुनी भरजरी चॅझ्युबल बघा, मुख्य क्रूस किंवा चित्रपट्टी पाठीवर असायची, कारण लोकांना पाठ दिसायची. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि सजावट छातीवर आली. पण छातीसमोर वेदी असते, वर पुस्तक, माईक. निम्मी सजावट झाकलीच जाते. ज्यांना हे कळलं त्यांनी सजावट गळ्याभोवती आणि खांद्यांवर नेली.

सॅक्रिस्टीतून

सगळ्यांचं सौंदर्यशास्त्र वाचून झालं असेल तर एक व्यवहाराची बाजू. मी चर्चची वस्त्रं, मेणबत्त्या, भांडी सांभाळतो. रेशमी अस्तराचं लोकरी चॅझ्युबल उत्तम दिसतं, पण उकाड्यात एका रविवारी एकापाठोपाठ एक मिस्सा होतात आणि तेच वस्त्र घामाने भिजलेलं पुढच्या फादरांना घालावं लागतं. पॉलिस्टर मशीनमध्ये जातं, रात्रीत वाळतं. वयस्कर फादरांना वजन पेलत नाही. शिवाय कास्तेलबाजाक यांनी नोत्र-दामसाठी एकूण सुमारे दोन हजार नग केले, सातशे धर्मगुरूंसाठी. एवढं काम करायला शॅनेल या फॅशन कंपनीच्या कार्यशाळा हाताशी होत्या. साध्या धर्मग्रामाच्या पेटीत ना तेवढे पैसे, ना तेवढे हात.

आणि सामूहिक मिस्सेला पंधरा फादर एकसारख्या चिकटवलेल्या ओंब्यांत उभे राहिले तर तुम्हाला टोचतं. त्यांना मात्र 'आपण सगळे एक' असं वाटतं. तेही मोजा.

कमान

@सॅक्रिस्टीतून, हे मला पटतं. पण मग साधंच घ्या ना. चांगल्या विणीचं सुती किंवा मिश्र कापड, पुरेसं रुंद, एकही चिन्ह नाही. धुवायलाही सोपं. पैसा वाचवायचा असेल तर आधी द्राक्षं वाचवा.

सुईदोरा

+१. नेदरलँड्समधले बेनेडिक्टाईन संन्यासी हान्स व्हान डर लान यांचं नाव या धाग्यात यायलाच हवं. आर्किटेक्ट म्हणून प्रसिद्ध (व्हाल्सचा मठ त्यांचा), पण ते वस्त्रंही आखायचे. कोरं कापड, रुंद कट, बाकी फक्त शिवण आणि प्रमाण. इमारतीला जो हिशोब, तोच कपड्याला. विटाकाम जे श्वार्त्सबद्दल म्हणतात तेच. रिकामं ठेवायचं तर आकार अचूक हवा, लपायला जागा नसते.

उलट टोकाला मातीस. फ्रान्समधल्या व्हांसच्या प्रार्थनालयासाठी (१९५१) त्यांनी कागदाचे रंगीत तुकडे कापून चॅझ्युबल आखली. भडक, पण आकार पूर्ण अर्धवर्तुळाच्या जवळ, त्यामुळे फादर हलले की रंग हलतात. कास्तेलबाजाकच्या वस्त्रांत मला तीच ओढ दिसते. त्यांनी १९९७ च्या पॅरिसच्या जागतिक युवा मेळाव्यातही वस्त्रं केली होती, इंद्रधनुषी. मला २०२४ ची जास्त आवडली. लांबून, त्या धुतलेल्या फिक्या दगडापुढे, ती उठून दिसत होती. जवळून फोटोत मात्र कपड्याचे तुकडे नुसते मांडल्यासारखे वाटतात.

मिणमिणती

धुतलेल्या दगडावरून आठवलं. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कथेड्रलमध्ये आतल्या भिंती उजळवल्या आणि काळी झालेली मारियेची मूर्ती गोऱ्या रंगात रंगवली, तेव्हाही केवढं रामायण झालं. तज्ज्ञ म्हणाले, मूळ रंग हाच, काळेपणा धुराचा. लोक म्हणाले, आमच्या आजी-पणजींनी काळ्या मारियेपुढेच मेणबत्त्या लावल्या. तो धूर त्यांच्याच मेणबत्त्यांचा ना!

मला दोघंही पटतात, त्यामुळे मी निघते.

गाभारा

मिणमिणती, निघू नका, मुद्दा तोच आहे. चर्च हे संग्रहालय नाही हे नवमतवादी मला सांगतात. मान्य. मग लोकांची सवयही मोजा, कारण तीच त्या जागेत जगत असते. नोत्र-दाममध्ये आता दक्षिणेकडच्या सहा कक्षांमधल्या व्हियोले-ल-द्यूकच्या (एकोणिसाव्या शतकात नोत्र-दामची डागडुजी करणारे वास्तुकार) खिडक्या काढून चित्रकार क्लेर ताबुरेंच्या नव्या बसवायच्या आहेत. त्या खिडक्या आगीत वाचल्या! सरकारच्या वारसा आयोगाने एकमताने विरोध नोंदवला, लाखो सह्या झाल्या, तरी गाडी पुढेच.

विटाकाम

इथे मी गाभारा यांच्या बाजूने. आगीत काय गेलं त्याच्या जागी नवं करा. जुनी वेदी शिखर कोसळून चिरडली होती, तिथे बार्देंचं ब्राँझ योग्यच. साधी, कटोऱ्यासारखी, जमिनीतून वर आल्यासारखी. पण जे धड आहे ते केवळ आपल्या काळाची सही हवी म्हणून काढणं हा १९७० च्याच समित्यांचा स्वभाव. फक्त या वेळी कलाकार चांगला आहे.

उलट उदाहरणही देतो. कॅलिफोर्नियातलं क्रिस्टल कथेड्रल, फिलिप जॉन्सनचं १९८० चं काचघर, मुळात टीव्हीवरच्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचं. ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने २०१२ मध्ये पावणेसहा कोटी डॉलरला घेतलं. काच तशीच ठेवून आतून पाकळ्यांसारखे पत्रे लावले, ऊन आणि उष्मा आवरला, वेदी मध्याकडे आणली, आणि २०१९ मध्ये पवित्र केलं. आधी इमारतीला काय जमतं ते पाहिलं, मग हात घातला. मला ते पूर्ण आवडत नाही, पण इमारतीशी भांडण नाही त्यात.

नुसताच_वाचतो

अडाणी प्रश्न: मग कुणी ठरवायचं? फादर, बिशप, आर्किटेक्ट की बाकावर बसणारे?

सॅक्रिस्टीतून

कागदावर बिशप, त्यांच्या कला आणि उपासना समितीच्या सल्ल्याने. प्रत्यक्षात ज्या कुटुंबाने देणगी दिली ते. टॅबरनॅकलवर दात्याचं नाव मोठ्या अक्षरात का असतं असं वाटलं तुम्हाला?

खडूस_म्हातारा

सगळ्या धाग्यातलं एकमेव सत्य.

सॅक्रिस्टीतून

बरं, @सुईदोरा, तुम्ही आहात तोवर विचारून घेतो. आमच्या कपाटात एक जुनं रोमन चॅझ्युबल आहे, लाल मखमल, पाठीवर सोनेरी तारेचा क्रूस. खांद्याशी फाटायला लागलंय आणि तार सुटून लोंबतेय. समिती म्हणते टाकून द्या. नवीन फादरांना ते घालायचंय. काय करू?

सुईदोरा

टाकू नका! आधी हँगरवरून उतरवा. बारीक हँगरवर सगळं वजन खांद्याच्या दोन बोटं जागेवर येतं, तिथेच मखमल फाटते. जुन्या सॅक्रिस्टीत (चर्चची वस्त्रं-भांडी ठेवायच्या खोलीत) ते रुंद, उथळ खण असतात ना, ते याचसाठी. आडवं पसरून ठेवा, घडी घालावीच लागली तर घडीत मऊ कागदाची वळकटी.

सुटलेली तार कापू नका, आत ओढू नका. सोन्याची तार सहसा कापडातून आरपार जात नाही, ती वर मांडलेली असते आणि बारीक रेशमी दोऱ्याने टाके घालून बांधलेली. तुटलाय तो दोरा, तार नव्हे. त्यामुळे तार जागेवर बसवून नव्या दोऱ्याने पुन्हा बांधता येते, जाणकाराकडून. ओलं कापड लावू नका, ड्रायक्लीनरकडे तर मुळीच नाही. मखमल अगदीच गेली असेल तर क्रूस सुटा करून नव्या लाल कापडावर उतरवतात, जुन्या काळीही असंच करायचे. फोटो टाका, पाठीचा आणि अस्तराचा दोन्ही. अस्तर उलगडून आत कुणी जुन्या कपड्याचा तुकडा भरलाय का तेही बघा, बहुधा सापडतो.